पुण्याला संघ देणार असाल, तर आधी हे वाचा

पुणे, फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष, हॉकी इंडिया
आणि
मा. अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ

विषय : पुणे शहराला पुन्हा व्यावसायिक संघ देण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

महोदय,
स. न. वि. वि.

दोन संघटनांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण तक्रार एकच आहे. दोन पाकिटांचा खर्च कशाला, हा पुणेरी विचारही त्यात आहेच. शिवाय तुम्ही दोघंही मैदानावरून खुर्चीत आलेले. एक जण भारताच्या बचाव फळीत वर्षानुवर्षं पाय रोवून उभे राहिलेले, दुसरे गोलरक्षक. धोका कुठून येतोय हे लांबून ओळखायची सवय तुम्हाला आहे, तेव्हा आडवळणानं लिहीत नाही.

हॉकी इंडिया लीग नुकतीच आटोपली. महिलांची डिसेंबरअखेर रांचीत सुरू झाली, पुरुषांची जानेवारीत चेन्नईत. आता १४ फेब्रुवारीपासून फुटबॉलची इंडियन सुपर लीग. माझ्यासारख्याला हे दिवस सणासुदीचे. पण दोन्हीकडच्या संघांच्या याद्या खालपासून वरपर्यंत वाचल्या तरी पुणे सापडत नाही. हॉकीच्या यादीत तर अख्खा महाराष्ट्रच नाही.

यावरून 'आम्हाला संघ द्या' असं रडगाणं येणार, असं वाटलं असेल तर तसं नाही. तशी पत्रं तुमच्याकडे बरीच येत असतील. माझं म्हणणं उलटं आहे. उद्या कुणी पैसेवाला तुमच्याकडे आला आणि म्हणाला, 'मला पुणे पाहिजे,' तर त्याला लगेच हो म्हणू नका. पुण्यानं संघ पाहिले नाहीत असं नाही. पुण्यानं संघ जाताना पाहिलेत, आणि ते बरेच पाहिलेत.

हॉकीपासून सुरुवात करतो. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग झाली. त्यात पुणे स्ट्रायकर्स होते. संघ पार अंतिम सामन्यापर्यंत गेला, मुंबईत शेर-ए-पंजाबकडून हरला. हरल्याचं दुःख नव्हतं, पुढच्या वर्षी बघू असं म्हणून आम्ही घरी गेलो. पुढचं वर्ष आलंच नाही. ती लीग हॉकी इंडियाची नव्हती, विरोधी गटाची होती, आंतरराष्ट्रीय महासंघाची तिला मान्यता नव्हती, हे सगळं मला ठाऊक आहे. पण तिकीट काढून बसणाऱ्या माणसाला तुमच्या आपसातल्या भाऊबंदकीशी काय देणंघेणं? २०१३ मध्ये तुमची लीग सुरू झाली तेव्हा मुंबईला मॅजिशियन्स मिळाले, मग दोन वर्षांनी त्यांच्या जागी दबंग मुंबई आली. २०१७ नंतर लीगच सात वर्षं झोपली. ती पुन्हा जागी झाली तेव्हा महाराष्ट्र यादीतून गायब.

फुटबॉलची कथा याहून लांब आहे. २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला. आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्याच हंगामात, २००९-१० ला, तिसरा आला. २०१२-१३ ला दुसरा. चर्चिल ब्रदर्सच्या मागे जेमतेम तीन गुणांनी. त्यांच्या अकादमीची पोरं वयोगटाच्या आय-लीगमध्ये विजेतेपदं आणत होती. २०१५ मध्ये मालकांनी मुख्य संघ बंद केला. त्याच सुमाराला भारत एफसी नावाचा दुसरा संघ आला, एक हंगाम खेळला आणि मिटला. मग डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आले, २०१७ पर्यंत टिकले. आणि या सगळ्यांच्या वर, दिव्यांच्या झगमगाटात, २०१४ पासून इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. त्रेझेगेसारखा विश्वचषक जिंकलेला माणूस बालेवाडीत खेळताना आम्ही पाहिला, यावर आज नव्या पोरांचा विश्वास बसत नाही. त्याचं वय झालं होतं, हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं असतं.

२०१७-१८ चा हंगाम हा आमचा सगळ्यात चांगला. मार्सेलिन्यो आणि अल्फारो फॉर्मात होते, संघ उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीचा पहिला सामना शून्य-शून्य. बंगळुरूत परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि विषय संपवला. छेत्रीवर राग धरता येत नाही, हा एक वेगळाच वैताग आहे.

त्यानंतर दीड वर्षानं संघ गेला. पुण्याची जागा हैदराबादला मिळाली, मार्सेलिन्योसकट काही खेळाडूही तिकडे गेले. त्याच वर्षी दिल्लीचा डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात हैदराबाद एफसीनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून लीग जिंकली. आणि गेल्या वर्षी तोच हैदराबादचा संघ पैशाच्या अडचणींतून दिल्लीला गेला. आता तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे दिल्लीचा ओडिशाला, पुण्याचा हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला. महसूल खात्याच्या बदल्यांची यादी वाचतोय असं वाटतं. फातोर्ड्याचा तो अंतिम सामना मी टीव्हीवर पाहिला. शेजारच्यानं विचारलं, 'तुम्ही कुणाकडून?' मला उत्तर देता आलं नाही.

आता तुमच्याकडून येणारं नेहमीचं उत्तर मीच देऊन टाकतो. 'पुणेकर मैदानावर येतच नाहीत, ते दुपारी झोपतात.' विनोद जुना आहे आणि आम्हीच तो सगळ्यात जास्त वेळा सांगतो, पण त्याच्या आड लपू नका. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं गेलं. तिथलं मुख्य मैदान ॲथलेटिक्ससाठी फार छान आहे. फुटबॉल पाहायला बसलं की मध्ये धावण्याचा अख्खा ट्रॅक येतो आणि समोरच्या कॉर्नरला काय चाललंय ते पाठीवरच्या नंबरावरून ओळखावं लागतं. संकुल हायवेच्या कडेला, शहराच्या एका टोकाला. सामना संपेपर्यंत रात्रीचे दहा. कॅम्प, वानवडी, घोरपडी, खडकी ही पुण्यातली खरी फुटबॉलवेडी वस्ती, आणि ती सगळी शहराच्या दुसऱ्या अंगाला. तरीही उपांत्य सामन्याला लोक होते, ढोल होते, घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं होती. त्या पोरांच्या अंगावरच्या नारंगी जर्सीचं नंतर काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

लोक येत नाहीत म्हणणाऱ्यानं एकदा कोल्हापूरला जावं. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यातल्या एकाही संघाचा कधी लिलाव झाला नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या यादीत नाव, तालमीचा आखाडा, पेठेतली पोरं आणि पेठेतल्याच लोकांचा पैसा. हल्ली बाहेरचे, परदेशी खेळाडूही आणतात, त्यावरून कुरबुरी होतात. समर्थकांमध्ये हाणामाऱ्याही होतात. ते काही कौतुकाचं नाही आणि त्याचं मी समर्थन करणार नाही. पण पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला हलवायची, असं कुणी नुसतं म्हणून दाखवावं. हलवणार काय? संघाच्या नावातच पत्ता आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. व्यावसायिक फुटबॉल खेळायला त्याला महाराष्ट्राबाहेरचे संघ गाठावे लागले. 

आमच्याच शहरातलं दुसरं उदाहरण पुणेरी पलटणचं. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून नाव तेच. सुरुवातीची वर्षं तर बघवत नव्हती. २०२२ ला अंतिम सामना हरले. शेवटी दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला, हरियाणाला हरवून विजेतेपद आलं. त्या रात्री जी मंडळी आनंदानं नाचली, त्यांना आधीचे सगळे पराभव आठवत होते, म्हणूनच नाचली. फुटबॉलमध्ये आम्हाला पराभव साठवायलाही वेळ मिळाला नाही. सात-आठ वर्षं सलग हरू द्या ना आम्हाला, पण त्याच नावानं.

आता हॉकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मी खडकीचा आहे. खडकीत हॉकी ही फॅक्टरीबरोबर आणि पलटणींबरोबर आली. दारूगोळ्याचा कारखाना, त्याच्या वसाहती, बॉम्बे सॅपर्स ही लष्करी अभियंत्यांची पलटण, आणि मधल्या मोकळ्या जागांवर खेळणारी पोरं. धनराज पिल्ले याच वस्तीतला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करायचे, घरात पैसा नाही, तुटलेल्या स्टिका दोरीनं बांधून भाऊ-भाऊ खेळायचे. पुढे तो मुंबईला गेला, १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिम्पिक खेळला, आणि १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्याच कप्तानीखाली भारतानं सुवर्ण जिंकलं. आमच्याकडे अजूनही एखादं पोरगं डाव्या बगलेतून तिघांना चकवत 'डी'त, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसलं की कडेला उभा असलेला कुणीतरी म्हातारा हमखास म्हणतो, 'स्वतःला धनराज समजतो काय रे?' ही शिवी आहे की शाबासकी, हे पुढे गोल होतो की नाही त्यावर ठरतं.

खडकीत हॉकी आज तेवढी राहिली नाही. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळायची सवय नसलेल्या मुलाला हल्ली पुढे जाताच येत नाही, आणि टर्फ काही गल्लीत पसरता येत नाही. पण पिंपरीत नेहरूनगरला महापालिकेचं मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा हॉकी इंडियानं तिथंच घेतली होती. बालेवाडीत राज्य सरकारची खेळाडू घडवणारी क्रीडा प्रबोधिनी आहे, घोरपडीत आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. खेळाडू कुठून येतात ते सांगतो. यवतमाळचा आकाश चिकटे प्रबोधिनीतून भारताचा गोलरक्षक झाला. सातारा जिल्ह्यातून, फलटणच्या परिसरातून, वैष्णवी फाळकेसारख्या मुली भारतीय संघापर्यंत गेल्या. म्हणजे माल इथं तयार होतो, दुकान तेवढं इथं नाही.

आणि ऋतुजा पिसाळ. २६ जानेवारी २०२५ ला रांचीत महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनी सूरमा क्लबला २-१ नं हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल साताऱ्याच्या या मुलीचे, त्यातला दुसरा सामना संपायला चार-पाच मिनिटं असताना. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. ओरडलो ओडिशासाठी! ओडिशाचा हेवा वाटतो, पण राग नाही. २०१८ पासून त्या राज्यानं भारतीय संघाचा खर्च उचललाय, राउरकेलासारख्या गावात वीस हजारांचं स्टेडियम उभं केलंय. त्यांनी पेरलं, त्यांनी कापलं. प्रश्न आम्हाला आहे, आमच्या राज्यकर्त्यांना आहे, आणि तो मी त्यांना वेगळ्या पत्रात विचारणार आहे.

तुमच्याकडे मागणं काय, ते आता नीट लिहितो.

हॉकी इंडियाला माझं म्हणणं असं की पुण्याला एवढ्यात संघ देऊ नका, सामने द्या. तुमची लीग अशीही दोन-तीन शहरांतच फिरते, सगळे संघ आपापल्या घरच्या मैदानावर खेळतच नाहीत. मग पुढच्या वर्षी महिलांच्या लीगचे चार-पाच सामने नेहरूनगरला खेळवा. शाळांना फुकट पास द्या, सातारा-फलटणहून एसटीनं येणाऱ्यांना परतीची गाडी मिळेल अशी वेळ ठेवा. मग मोजा किती लोक येतात ते. महिलांचे संघ अजून मोजकेच आहेत, वाढवायचेच आहेत. पहिला नवा संघ महाराष्ट्राच्या मुलींचा असेल तर कुणी हरकत घेणार नाही. आणि तो आणताना हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख मोजणारा मालक शोधण्याआधी, दहा वर्षं हलणार नाही असं लिहून देणारा शोधा. तो कमी श्रीमंत असला तरी चालेल.

फुटबॉल महासंघाचं अवघड आहे, कारण यंदा तुम्हाला तुमचाच पत्ता ठाऊक नव्हता. लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला, तो संपणार हे सगळ्या जगाला पंधरा वर्षं माहीत होतं. निविदेला कुणी फिरकलं नाही. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंना फिफाकडे हात जोडावे लागले. मग सरकार मध्ये पडलं आणि आता चौदा संघ, प्रत्येकाशी एकेकदाच, असे ९१ सामने. सप्टेंबरात सुरू व्हायचं ते फेब्रुवारीत. अशा घाईत कुणी नवा मालक पुण्याचं नाव घेऊन आला, तर तो तुम्हाला देवासारखा वाटेल. त्याला बसायला द्या, चहा द्या, आणि परत पाठवा.

कारण एक चांगली गोष्ट तुम्हीच केलीय, तीच मोडू नका. आय-लीग जिंकणाऱ्याला वरच्या लीगमध्ये जाता येतं. आधी पंजाब आला, मग मोहम्मडन स्पोर्टिंग, मग क्रीडा लवादापर्यंत भांडून इंटर काशी. ही शिडी शाबूत ठेवा. पुण्यात जिल्हा संघटनेची लीग दर वर्षी होते, एसएसपीएमएसच्या मैदानावर, घोरपडीत डोबरवाडीला. धुळीत, बिनदिव्यांच्या मैदानावर, पाच-पन्नास माणसांसमोर. यातला एखादा क्लब वर चढत गेला तर त्याला दहा वर्षं लागतील. लागू द्या. त्याच्याबरोबर त्याचे प्रेक्षकही एक-एक पायरी चढतील. आणि वर चढता येतं तसं खाली उतरायचीही सोय करा, म्हणजे बुडणाऱ्या मालकाला संघ दुसऱ्या गावाला नेण्याऐवजी खालच्या लीगमध्ये राहून श्वास घेता येईल.

एक अट मात्र दोघांनीही करारात घालावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. संघ गेला तरी नाव, रंग आणि नोंदी शहराकडे राहतील. इंग्लंडमध्ये २००३ साली विम्बल्डनचा फुटबॉल संघ मालकांनी मिल्टन कीन्सला नेला. चाहत्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा क्लब काढला होता, पार खालच्या लीगपासून. नऊ वर्षांत तो क्लब वर चढून फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. आणि २००७ मध्ये मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या विम्बल्डनचे चषक त्या भागाच्या कौन्सिलकडे परत केले. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत मतांची बहुसंख्या लीगच्या नियमानंच सभासदांकडे असते, मालक कितीही मोठा असो. आमच्याकडे एवढं होणार नाही, ते मी मागतही नाही. पण पुणे एफसीच्या दुसऱ्या क्रमांकाची, पुणे स्ट्रायकर्सच्या त्या अंतिम सामन्याची, २०१८ च्या उपांत्य फेरीची नोंद आज पुण्यात कुठं आहे? एखादी जर्सी, एखादी ढाल, एखादा फोटो बालेवाडीच्या भिंतीवर लावा. खर्च फार येणार नाही.

तोवर मी काय करणार, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. शनिवारी पहिला सामना मोहन बागान आणि केरळचा. तो बघणार. मोहन बागाननं १९११ साली, एक जण सोडून सगळ्यांनी अनवाणी खेळून, गोऱ्या पलटणीला हरवलं होतं, आणि आज एकशे पंधरा वर्षांनी, मागे 'सुपर जायंट' लागलं तरी, ते त्याच शहरात, मोहन बागान याच नावानं मैदानात उतरतायत. आणि रविवारी सकाळी जिल्हा लीगचा सामना असेल तर तिथंही जाणार. तिथं बसायला पायरी नाही, टोपी घेऊन जावी लागते.

कळावे,
खडकीचा एक प्रेक्षक

ता. क. : पुण्यात कधी सामना ठेवलात, हॉकीचा असो की फुटबॉलचा, तर रात्री साडेसातला ठेवू नका. दुसऱ्या दिवशी शाळा असते. रविवारी संध्याकाळी पाचला ठेवा. झोपून उठून, चहा घेऊन येतो.